तांबडीची रिकामी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे आणि मी वैतागलेली आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, ही फार कुरकुरते.

पेटी म्हणजे वाजवायची नाही. दागिन्यांची तर नाहीच नाही. मी विण्याची पेटी. सशाच्या मादीला पिल्लं व्हायची असली की दोन-तीन दिवस आधी मला तिच्या पिंजऱ्यात ठेवतात. माझ्यात वाळलेलं गवत घालतात. मादी स्वतःच्या छातीची लव उपटते, गवतावर पसरते आणि त्या गादीवर पिल्लं घालते. पिल्लं कशी? उघडी, डोळे मिटलेली, बोटाएवढी. माझ्या चार भिंती नसतील तर ती वळवळत जाळीवर जातात आणि गारठून मरतात. एवढं माझं महत्त्व. बढाई नाही, खरं आहे.

आता मला सांगा, जिचं सगळं आयुष्य या एका कामासाठी, तिला गवत भरून आत ठेवली आणि आठ दिवसांनी तशीच बाहेर काढली, तर तिचं डोकं फिरणार नाही? आणि हे एकदा नाही, दोनदा. मधल्या एका वेळी तर आत ठेवलीच नाही. तो किस्सा वेगळाच आहे. येते त्याच्यावर.

आधी पहिल्यापासून सांगते.

मी जन्मले तेव्हा पेटी नव्हते, खण होते. एका मोठ्या कपाटाचा तिसरा खण. बरीच वर्षं माझ्यात मोजे होते, सुटी बटणं होती आणि कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ होतं. मग कपाटाला वाळवी लागली. मालकांनी सुताराला बोलावलं. सुतार म्हणाले, "कपाट गेलं. हा एक खण तेवढा धडधाकट आहे." मालक म्हणाले, "घेऊन जा." झालं. मी सुताराच्या सायकलला मागे बांधून या घरी आले.

हे सुतारबाबा. आता काम सोडलंय, पण हात सोडत नाहीत. रोज काहीतरी तासत असतात. त्यांनी माझी पुढची बाजू मधून खाली कापली, मादीला उडी मारून आत यायला. कापलेल्या कडेला घासून घासून गुळगुळीत केलं, तिचं पोट खरचटू नये म्हणून. तळाला बारीक भोकं पाडली, ओल निघून जायला. खणाची पितळी मूठ होती ती मात्र काढली नाही, बाजूला बसवली. म्हणाले, "धरायला बरी." त्या दिवशी मला फार भारी वाटलं होतं. आजवर कुणी माझ्याकडे एवढं मन लावून बघितलं नव्हतं.

घरात माणसं दोनच. सुतारबाबा आणि त्यांची सून. मुलगा ट्रक चालवतो. महिन्यातून दोनदा येतो, झोपतो, जेवतो, जातो. असाच एकदा जाताना तीन ससे ठेवून गेला. एक नर, दोन माद्या. हौस त्याची, उस्तवार या दोघांची.

सूनबाई पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवते. मागे पत्र्याची शेड, तिथे ससे. एका बाजूला तीन पिंजरे, समोर एक फळी. काम नसलं की माझी जागा त्या फळीवर. तिथून मला सगळं दिसतं. अगदी सगळं. आणि हीच माझी खरी पीडा आहे.

कारण मित्रांनो, त्या घरात दिसायचं मला एकटीलाच. बाकी कुणी बघतच नव्हतं.

सांगते का ते. हे दोघं सासरा-सून. दोघंही सोन्यासारखी माणसं. पण एकमेकांचा संकोच एवढा की विचारू नका. सुतारबाबांना चहा हवा असला तर ते भिंतीकडे बघून म्हणतात, "चहा टाकला असेल तर बघा कुणीतरी." कुणीतरी म्हणजे तीच. घरात तिसरं आहे कोण? आणि ती चहा आणून ठेवते तो त्यांच्यापासून दोन हात लांब, स्टुलावर, आणि म्हणते, "चहा ठेवलाय." हेसुद्धा भिंतीलाच. त्या भिंतीला घरातलं जेवढं माहीत आहे तेवढं कुणालाच नसेल.

आता अशा घरात सशांची जोडी लावायची. बघा विचार करून.

पिंजऱ्यात नर-मादी एकत्र आले की काय बघायचं हे सशांचं खाद्य विकणाऱ्या दुकानदाराने सुतारबाबांना सांगितलं होतं. म्हणाला होता, "बाबा, उभं राहून नीट बघायचं. नर मादीवर चढतो. शेपटीकडून चढला पाहिजे. काम झालं की तो एकदम कडक होतो आणि मागे नाहीतर कुशीवर धप्पकन पडतो. पडला की समजायचं, झालं. नाही पडला तर काही झालेलं नाही."

एवढं सगळं सांगितलं त्याने. सुतारबाबांच्या डोक्यात राहिलं काय? 'धप्प'.

मग त्यांची पद्धत ठरली. नर ठेवायचा मादीच्या पिंजऱ्यात. खरं तर मादीला नराकडे न्यायचं असतं, पण मादी जड, ओरबाडते, आणि नर हलका, गरीब. त्याचं नाव पैलवान, पण उचलला की मांजरासारखा लोंबकळतो. तर पैलवानाला आत सोडायचं, दार लावायचं आणि दोघांनी दोन दिशांना तोंडं करायची. सुतारबाबा दरवाज्याकडे बघून आकाशाचा अंदाज घ्यायचे, जसं काही आज वादळच येणार आहे. सूनबाई गवताच्या पोत्याची गाठ सोडायची, परत बांधायची, परत सोडायची. आणि दोघंही कान देऊन ऐकायचे.

धप्प.

"झालं वाटतं," सुतारबाबा दाराला सांगायचे.

"झालं असेल," सूनबाई पोत्याला सांगायची.

पैलवानाला बाहेर काढायचं, भिंतीवर पेन्सिलने तारीख लिहायची, संपलं काम.

गंमत म्हणजे सुरुवातीला हे जमलं. मोठी मादी होती ना, पांढरी, ती स्वभावाने एवढी शांत की तिच्या पिंजऱ्यात कुणीही या, बसा, तिची हरकत नाही. पैलवान यायचा, काम व्हायचं, पडायचा. धप्प म्हणजे खरंच धप्प. दोन वेळा तिने माझ्यात पिल्लं घातली. पहिल्यांदा सहा, मग आठ. ते माझे चांगले दिवस. मी आतून ऊबदार असायचे. लव एवढी की माझा तळ दिसायचा नाही. शेजारीपाजारी बघायला यायचे. एकजण माझी मूठ बघून म्हणाला, "पेटी झकास झालीय हो!" सुतारबाबा म्हणाले, "खण आहे तो कपाटाचा," पण कॉलर ताठ झाली होती.

पुढे पांढरी म्हातारी झाली आणि एका सकाळी झोपेतच गेली. राहिली तांबडी.

तांबडी म्हणजे रंगाने विटेसारखी आणि स्वभावाने तशीच. तिचा पिंजरा म्हणजे तिचं राज्य. तिथे कुणी हात घातला तरी ती फुरफुरते. आणि हे लोक तिथे पैलवानाला सोडायला लागले!

पहिल्या वेळी काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. पैलवान आत गेला आणि कोपरे हुंगत बसला. नव्या जागेत गेला की नर आधी जागा बघतो, हनुवटी घासत फिरतो. तांबडीने दोन मिनिटं सहन केलं. मग ती एका कोपऱ्यात गेली आणि मागचा पाय जाळीवरच्या फळीवर आपटला. रागाने.

धप्प.

"झालं वाटतं."

"झालं असेल."

अहो! काय झालं? काय झालं असेल? तिने पाय आपटला! तो बिचारा अजून हुंगतोय कोपऱ्यात! मी फळीवर बसून ओरडत होते. पण खणाला तोंड असतं ते फक्त सामान घालायला.

त्यांनी तारीख लिहिली. अठ्ठाविसाव्या दिवशी मला झटकलं, गवत भरलं आणि तांबडीच्या पिंजऱ्यात ठेवलं. मादी एकतीस-बत्तीस दिवसांनी विते. एकतिसावा दिवस गेला. पस्तिसावा गेला. तांबडीने माझ्यात एकच गोष्ट केली. लेंड्या टाकल्या. मी मनात म्हटलं, टाक बाई, तुझी काय चूक.

दुसरी वेळ. या वेळी पैलवान चढला. पण तोंडाकडून. उलटा. मी काय सांगू तुम्हाला, मला कपाळ असतं तर मी बडवून घेतलं असतं. मग तो शेपटीकडूनही एकदा गेला, पण अर्धवटच, तेवढ्यात तिने त्याला झटकून दिलं आणि पाय आपटला. धप्प. तारीख.

आता ऐका तो किस्सा. सतरा-अठराव्या दिवशी तांबडी अचानक गवत तोंडात धरून फिरायला लागली. छातीची लव उपटली, कोपऱ्यात ढीग केला. असं होतं कधीकधी. काम पुरतं झालेलं नसतं, पण मादीच्या शरीराला वाटतं की झालं. मग ती खोटंच घर मांडते. दोन दिवसांनी विसरून जाते. पिल्लं नसतातच.

सुतारबाबांनी सकाळी लव बघितली. पिल्लं दिसेनात. ते खांबाला म्हणाले, "व्यायली. वेळेआधीच व्यायली. आणि खाल्ली वाटतं पिल्लं."

"खाल्ली असतील," सूनबाई म्हणाली. आवाज रडवेला होता.

खाल्ली असतील! रक्ताचा थेंब नाही, काही नाही. कुणी बघितलं? कुणीच नाही. पण त्या दिवसापासून तांबडीला नाव पडलं. पिल्लंखाऊ. एकदा नाव पडलं की मग ते जनावर जे काही करतं ते वाईटच दिसतं. ती जांभई देते तर लोक म्हणतात, दात बघा कसे आहेत.

तिसरी वेळ तशीच. मी परत आत, परत रिकामी बाहेर. या वेळी सुतारबाबांनी मला फळीवर ठेवलं नाही, टाकलं. माझा एक सांधा खिळखिळा झाला. ते पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "भाकड आहे ही. वर पिल्लंखाऊ. पैलवान काय करणार एकटा? खाटकाला सांगतो मी."

संध्याकाळी सांगूनही आले. खाटीक म्हणाला, हा आठवडा नाही, पुढचाही भरलाय, त्याच्या पुढच्या शनिवारी येतो. म्हणजे तांबडीच्या हातात अठरा दिवस. आणि दोष काय तिचा? तिने तर प्रत्येक वेळी पाय आपटून सांगितलं होतं की नाही म्हणून. तिचं 'नाही' हे लोक 'झालं' म्हणून लिहून घेत होते.

सूनबाईला ते पटलं नव्हतं. खाद्य घालताना ती तांबडीच्या कपाळावरून बोट फिरवायची, बराच वेळ. पण सासऱ्यांसमोर बोलणार काय? 'नर पडला का नाही' हे ती त्यांना विचारणार कशी? जीभच उचलत नव्हती.

तेवढ्यात आत्याबाई आल्या.

आत्याबाई म्हणजे सुतारबाबांची थोरली बहीण. डोळ्यात मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनसाठी इथल्या दवाखान्यात तारीख मिळाली होती, म्हणून मुक्काम. त्यांना माणूस समोर उभा असला तर ढग उभा आहे असं दिसतं. पण जीभ! जिभेला मोतीबिंदू होत नाही. शेडमध्ये सकाळचं ऊन येतं म्हणून त्या तिथेच खुर्ची टाकून बसायच्या.

चौथ्या-पाचव्या दिवशी सुतारबाबा त्यांना सांगत होते, "ताई, ही तांबडी द्यायचीय आता. तीन वेळा नर लावला. वांझोटी आहे."

"नर पडला होता का?" आत्याबाईंनी विचारलं.

सुतारबाबा चपलेने जमीन उकरायला लागले.

"अरे बंड्या, तुला विचारतेय. पडला होता का नर?"

सत्तरीच्या सुताराला बंड्या! मला हसूच आलं. सुतारबाबांचे कान लाल. ते पत्र्याकडे बघत म्हणाले, "आवाज आला होता. धप्प."

"आवाज? आवाज कशाला ऐकत बसलास? डोळे माझे गेलेत की तुझे?"

"अगं, सूनबाई असते इथे. कसं बघणार?"

"आणि काय गं, तू?" आत्याबाईंनी मान फिरवली. चुकीच्या बाजूला फिरवली, खरं तर, गवताच्या पोत्याकडे. सूनबाई दुसऱ्या बाजूने हळूच म्हणाली, "मामंजी असतात ना. मी पोत्याकडे बघत होते."

आत्याबाई एवढ्या हसल्या की खुर्ची करकरली. "म्हणजे नवरा-नवरी सोडून सगळं वऱ्हाड भिंतीकडे तोंड करून! आणि नाव कुणाला? तिला! अरे, तुम्ही तिला कसाबाला द्यायला निघालात आणि काय झालं ते एकानेही बघितलेलं नाही?"

मित्रांनो, मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. किती महिने मी हेच, अगदी हेच म्हणत होते!

"आता लावा नर," आत्याबाई म्हणाल्या. "मला ऐकवा तो तुमचा धप्प."

सुतारबाबांनी पैलवानाला उचललं, तांबडीच्या पिंजऱ्यात सोडलं आणि सवयीने तोंड फिरवलं. दोन मिनिटांत आवाज आला. धप्प.

"हा?" आत्याबाई म्हणाल्या. "हा तर पायाचा आहे. चिडलीय ती. नर पडतो तेव्हा आधी त्याच्या तोंडून बारीकसा चीत्कार निघतो, नाहीतर घशातून गुरगुर, आणि मग पडतो. मी लहानपणी घरी पन्नास ससे सांभाळलेत. काढ त्याला. तिच्या घरात जाऊन कुणी दादागिरी करतं का? तिला ने त्याच्याकडे."

"ओरबाडेल ती."

"ओरबाडू दे. टॉवेल गुंडाळ."

सूनबाईने गणवेशाचं जाड कापड आणलं, त्यात तांबडीला गुंडाळलं आणि पैलवानाच्या पिंजऱ्यात ठेवलं.

"बंड्या, तू बाहेर जा. सूनबाई, तू बघ. आणि बघत बघत मला सांग. लाजू नकोस, मी तर आंधळी आहे."

सुतारबाबा एवढ्या वेगाने बाहेर गेले की चप्पल आतच राहिली.

आणि मग मित्रांनो, त्या शेडमध्ये पहिल्यांदा कुणीतरी पिंजऱ्याकडे बघितलं. सूनबाईने पदराचं टोक दातात धरलं होतं आणि डोळे जाळीवर. "हुंगतोय... ती बसलीय... तो मागे गेला... आत्याबाई, अहो, तोंडाकडून चढतोय!"

"मूर्ख आहे. फिरव त्याला."

"मी?"

"मग कोण, पेटी?"

मी तयार होते हो. हात असते तर.

सूनबाईने हात घालून त्याला हळूच फिरवलं. "आता बरोबर... तिने मागचा भाग वर उचलला... शेपटी पण... आणि... अगंबाई!"

चीं! एक बारीक आवाज आला आणि पैलवान आडवा झाला.

"आत्याबाई, मेला! तो मेला! डाव्या कुशीवर पडलाय!"

"मेला नाही गं. झालं. आता उठेल."

पैलवान उठला. इकडेतिकडे बघितलं, मागचा पाय एकदा आपटला आणि मिशा साफ करायला लागला. सूनबाई खाली बसली आणि हसायला लागली. किती दिवसांनी हसत होती कोण जाणे. आत्याबाई म्हणाल्या, "संध्याकाळी परत एकदा लाव. सशिणीला नर लागला की मगच अंडं सुटतं. दोनदा लावलं की खात्री वाढते."

संध्याकाळीही पडला. सूनबाईने भिंतीवर तारीख लिहिली. या वेळी तिच्यापुढे दोन उभ्या रेघा ओढल्या. म्हणजे दोनदा, बघून.

आता सगळं ठीक, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. पण एक गोष्ट कुणी केलीच नाही. सुतारबाबांना कुणी सांगितलंच नाही! आत्याबाईंना वाटलं सून सांगेल. सुनेला वाटलं आत्याबाई सांगतील. सुतारबाबा विचारणार नाहीत, ते मरण पत्करतील. आणि खाटकाला दिलेला शब्द त्यांनी मागे घेतला नव्हता. सुताराचा शब्द म्हणजे खिळा, ते नेहमी म्हणतात.

मी दिवस मोजत होते. बारावा दिवस आला. आत्याबाईंनी शिकवलं होतं त्याप्रमाणे सूनबाईने तांबडीच्या पोटाखाली अलगद हात घातला. बाराव्या दिवसाच्या आसपास पोटात गोट्यांसारखं काहीतरी ओळीने लागतं, दाबायचं नाही, नुसतं चाचपायचं. तिने चाचपलं. परत चाचपलं. "लागतंय खरं. पण गोट्या आहेत की लेंड्या तेच कळेना," ती म्हणाली. नवखा हात. दोन्ही सारखंच लागतं. आत्याबाई म्हणाल्या, "उद्या मी बघते." पण उद्या त्यांचं ऑपरेशन होतं. त्या सकाळीच दवाखान्यात गेल्या, शेजारणीबरोबर.

आणि उद्या शनिवार होता.

खाटीक दुपारी आला. सायकल, मागे टोपली. चांगला माणूस, हसरा. "बोला काका, कुठाय तुमची भाकड?"

सुतारबाबांनी तांबडीचा पिंजरा उघडला. सूनबाई शिवणकाम टाकून धावत आली, हातात कात्री तशीच. दारात थांबली. समोर सासरे आणि एक परका पुरुष. माझा जीव सांध्यात आला.

खाटकाने तांबडीला मानेवर धरून दुसरा हात खाली दिला, वजनाचा अंदाज घेतला.

"पोटात काही आहे का तिच्या?" सूनबाईने विचारलं. खाटकाला विचारलं, सासऱ्यांना नाही.

"ताई, मला वजन कळतं. पोट नाही कळत," तो म्हणाला. खरं बोलला.

"काही नसेल," सुतारबाबा छताला म्हणाले. "तीन वेळा बघून झालंय."

टोपलीचं झाकण उघडलं. तांबडी आत गेली. मित्रांनो, मी ओरडले. अगदी लाकूड फाटेस्तोवर ओरडले.

आणि सूनबाई म्हणाली, "तीन वेळा कुणी बघितलेलं नाही."

भिंतीला नाही, पोत्याला नाही. सुतारबाबांकडे बघून. "मामंजी, चौथ्या वेळी मी बघितलं. नर पडला."

खाटीक आपल्या चपलांकडे बघायला लागला. सुतारबाबांची मान वळायला लागली, दरवाज्याकडे, सवयीने. मला वाटलं, गेलं. पण अर्ध्यावर थांबली. त्यांनी मान परत फिरवली.

"कसा पडला?"

"डाव्या कुशीवर. आधी ओरडला, बारीक. मग पडला. मग उठून पाय आपटला. आणि संध्याकाळी परत, तेव्हा मागे पडला, उताणा. दोन्ही वेळा शेपटीकडून." एका दमात सांगितलं तिने. कान लालबुंद, डोळ्यात पाणी, पण एक शब्द गाळला नाही.

सुतारबाबांनी तिच्याकडे बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. मग स्वतः टोपलीत हात घातला आणि तांबडीला बाहेर काढलं. तिने त्यांचं मनगट चांगलं ओरबाडलं. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"माफ कर बाबा," ते खाटकाला म्हणाले. "शब्द फिरवतोय."

"फिरवा की. पण काका, पुढच्या वेळी मला बोलवायच्या आधी घरात विचारत जा," खाटीक म्हणाला आणि सायकल वळवून गेला.

आता तुम्ही म्हणाल, मग वैताग कशाचा? ऐका.

दोन आठवडे मी वाट बघितली. माझी वेळ आली होती! या वेळी मला माहीत होतं, नक्की माहीत होतं. सुतारबाबा कोपऱ्यात काहीतरी ठोकत होते, रंधा मारत होते. मला वाटलं, माझा सांधा बसवणार. अठ्ठाविसावा दिवस उजाडला. सुतारबाबा शेडमध्ये आले, आणि त्यांच्या हातात होती नवी पेटी. नवी कोरी. कडा गोल, आत यायला उतरती फळी, वर छोटंसं अर्धं झाकण. ती त्यांनी तांबडीच्या पिंजऱ्यात ठेवली नाही. सूनबाईसमोर धरली आणि म्हणाले, "तू ठेव. तुझ्या हाताने."

माणसाला चुकलो म्हणता येत नाही तेव्हा तो असं काहीतरी बनवून आणतो. मला कळत होतं. सूनबाईलाही कळलं. पण माझं काय? तीन खेपा मी थांबले, लेंड्या सोसल्या, सांधा मोडून घेतला, आणि खरी वेळ आली तेव्हा दुसरीच! मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू?

एकतिसाव्या दिवशी सकाळी नव्या पेटीत लव हलत होती. नऊ पिल्लं. एक थंड पडलेलं होतं, ते सुतारबाबांनी काढलं. आठ जिवंत. तांबडीने एकालाही खाल्लं नाही. ती बाजूला बसून गवत चघळत होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या आत्याबाई काळा चष्मा लावून, दुसऱ्या डोळ्याचा ढग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मोजलीत का नीट, का आवाजावरून सांगताय?" सुतारबाबा हसले. सुनेसमोर, मोठ्याने.

पिल्लं आईच्या दुधापासून सुटल्यावर त्यांनी परत तांबडीला पैलवानाकडे नेलं. सुतारबाबा अजूनही दाराकडे तोंड करून उभे राहतात. एवढ्या वर्षांची मान आहे, एका महिन्यात नाही वळत. पण आता विचारतात, "पडला का?"

त्या दिवशी पैलवान तीन वेळा चढला आणि तीन वेळा नुसताच उतरला.

"नाही पडला," सूनबाई म्हणाली.

"मग काढ तिला. उद्या बघू," सुतारबाबा म्हणाले, आणि भिंतीवर काहीही लिहिलं नाही.

मी सध्या फळीवरच आहे. माझ्यात गवत ठेवतात. बाजूला जुनी ओल आहे, कोळ्याने घर केलंय. खरं तर विण्याची पेटी दर खेपेला गरम पाण्याने धुवायची असते, कडक उन्हात दोन दिवस वाळवायची असते, नाहीतर पुढच्या पिल्लांना रोग होतो. तुमच्या घरी अशी पेटी असेल तर तिचं एवढं करा. आणि तुमच्याकडे ससे असतील तर जोडी लावताना समोर उभे राहा आणि बघा. लाज वाटली तर वाटू दे. बघितलं नसेल तर 'झालं असेल' म्हणू नका, 'मी बघितलं नाही' म्हणा. माझा सांधा बसवला नाहीत तरी चालेल मित्रांनो, कोळी राहिला तरी चालेल. पण ज्या जिवाला बोलता येत नाही, त्याच्याबद्दल अंदाजाने बोलू नका.